मेलाय की नुसता अडकलाय? एका डिस्कवरच्या दोन सर्व्हरची गोष्ट

आजचा एपिसोड एसटीत बसून ऐकत असाल तर आपल्या सीटचा नंबर एकदा बघून घ्या. थोड्या वेळाने उदाहरण तिथूनच येणार आहे.

गोष्ट २०१९ सालची. कॉलेजातून बाहेर पडून मला जेमतेम वर्ष झालं होतं. कंपनीचं नाव नको. काम असं होतं की ट्रकवाले माल पोचवल्यावर सही-शिक्क्याच्या चलनाचा फोटो काढून पाठवायचे आणि तो आमच्या सर्व्हरवर साठायचा. या कागदाला ट्रान्सपोर्टच्या धंद्यात ‘पोच’ म्हणतात. पोच नाही तर भाडं नाही, इतका साधा हिशोब.

हे फोटो ठेवायला एक सामायिक स्टोरेज होतं. त्यातला चार टेराबाइटचा एक व्हॉल्यूम दोन्ही सर्व्हरना दिसायचा, पण एका वेळी एकानेच तो माउंट करायचा असा नियम. पहिला काम करायचा. दुसरा नुसता बसून दर काही सेकंदांनी विचारायचा, ‘आहेस ना?’ ‘आहे’ असं उत्तर आलं की गप्प. उत्तर थांबलं की पहिला मेला असं समजून डिस्क आपण घ्यायची आणि काम पुढे चालू ठेवायचं. फेलओव्हर म्हणतात तो हाच.

एका रात्री दोनच्या सुमारास नेटवर्कचा स्विच अपग्रेड झाला. मिनिटभर दोघांना एकमेकांचा आवाज आला नाही. दुसऱ्याने ठरवलं, पहिला गेला, आणि व्हॉल्यूम माउंट केला. पहिला कुठेही गेला नव्हता. डिस्ककडे जाणारी फायबरची केबल वेगळी होती, ती शाबूत होती, त्यामुळे तो मजेत लिहीत बसला होता. आता दोघं लिहायला लागले.

सकाळपर्यंत कुणाला पत्ता नाही. मग तक्रारी सुरू झाल्या: एका ट्रकची पोच उघडली की आत दुसऱ्याच ट्रकचा फोटो. दहा वाजता सगळं बंद करावं लागलं. फाइलसिस्टम दुरुस्त करायचा प्रोग्राम चालवला, तर त्याने हजारो फाइली ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये नेऊन टाकल्या, नावं गेलेली, नुसते आकडे. शेवटी रात्री अकराचा बॅकअप परत चढवला. अकरा तासांच्या पोच गेल्या. काही ड्रायव्हरांनी फोटो फोनमधून डिलीट केले होते, काही तोपर्यंत तीनशे किलोमीटर पुढे गेले होते. त्यांची भाडी अडकली.

आमच्याकडे पन्नाशीचे एक सीनियर होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. ते आले, लॉग बघितले आणि एकच प्रश्न विचारला, “फेन्सिंग कुणी बंद केलं?”

मीच केलं होतं. दोन महिन्यांपूर्वी. टेस्टिंगच्या वेळी सर्व्हर सारखे आपोआप रीस्टार्ट होत होते. कॉन्फिगरेशनमध्ये एका ओळीत ‘फॉल्स’ लिहिलं की ते थांबायचं. थांबलं, मी खूश झालो, आणि तीच सेटिंग तशीच प्रॉडक्शनला गेली.

काका ओरडले नाहीत. ते फक्त म्हणाले, “अरे, हा प्रश्न तुझ्या जन्माच्या आधीचा आहे. आम्ही व्हॅक्सवर काम करायचो तेव्हाही हाच होता.” व्हॅक्स म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. त्यानंतर मी जे वाचत गेलो, ते आजच्या भागात.

आधी सीटचा नंबर. समजा एकाच एसटीचं रिझर्व्हेशन दोन खिडक्यांवर चालू आहे आणि दोन्हीकडे सकाळी काढलेली चार्टची झेरॉक्स आहे. दोन्ही झेरॉक्सवर १७ नंबर रिकामा. पहिल्या खिडकीने १७ विकला, आपल्या कागदावर फुली मारली. दुसऱ्या खिडकीने पण १७ विकला, आपल्या कागदावर फुली मारली. दोघांचा हिशोब आपापल्या जागी अगदी चोख आहे. भांडण होणार ते गाडीत.

फाइलसिस्टमचं असंच असतं. डिस्कला फाइल वगैरे काही कळत नाही. तिला फक्त ‘अमुक नंबरच्या ब्लॉकवर हे लिही’ एवढंच कळतं. कुठला ब्लॉक कोणत्या फाइलचा आणि कुठला रिकामा, हा चार्ट फाइलसिस्टम सांभाळते, आणि वेगासाठी त्याची एक प्रत सर्व्हरच्या रॅममध्ये ठेवते. एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ सारख्या फाइलसिस्टम असं धरूनच बांधलेल्या आहेत की दुसरी खिडकी नाहीच. दुसऱ्या सर्व्हरने तोच व्हॉल्यूम माउंट केला की दोन झेरॉक्स झाल्या. डिस्क बिचारी मुकी, दोघांचंही ऐकते.

एक डिस्क दोन यंत्रांना जोडायची हौस जुनीच आहे. १९६० च्या दशकात आयबीएमच्या सिस्टम/३६० मेनफ्रेमवर ही सोय होती आणि तिथला उपाय सरळ होता. काम करायचं तर अख्खी डिस्क ‘रिझर्व्ह’ करा, झालं की सोडा. तोवर दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. एका सीटसाठी अख्खी गाडी थांबवण्यासारखं. चालायचं, पण रांग लागायची.

मग येतं १९८३. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन नावाची कंपनी होती, लोक तिला डेक म्हणायचे. आज नाव विस्मरणात गेलंय, पण त्या काळी आयबीएमच्या खालोखाल तिचा दबदबा होता. तिची व्हॅक्स यंत्रं आणि त्यावरची व्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टम. आयबीएमच्या मेनफ्रेमएवढं मोठं यंत्र बनवण्यापेक्षा आपलीच मध्यम यंत्रं जोडून त्यांना एकासारखं वागायला लावावं, असा डेकचा विचार. त्यातून व्हॅक्सक्लस्टर आलं. डिस्कचे कंट्रोलर धरून १६ पर्यंत यंत्रं एका मधल्या जोडपेटीला जोडायची, सेकंदाला ७० मेगाबिटच्या केबलने. (तुमच्या खिशातला फोन यापेक्षा वेगात रील्स ओढतो, तो भाग वेगळा.) सगळ्या यंत्रांना सगळ्या फाइली दिसणार आणि सगळ्यांना लिहिता येणार.

नॅन्सी क्रोनेनबर्ग, हेन्री लेव्ही आणि विल्यम स्ट्रेकर या तिघांनी १९८६ मध्ये यावर एक पेपर लिहिला. मी तो दोनदा वाचला. पहिल्यांदा काही कळलं नाही, दुसऱ्यांदा अंगावर काटा आला, कारण आमच्या त्या रात्रीचं सगळं दुखणं त्यात आधीच ओळखलेलं होतं.

त्यांची मुख्य चीज म्हणजे डिस्ट्रिब्युटेड लॉक मॅनेजर. अख्खी डिस्क अडवू नका. ज्या गोष्टीला हात लावायचाय तिचं नाव सांगा आणि तेवढंच कुलूप मागा. कुलपाचे प्रकार सहा. ‘मला फक्त वाचायचंय, इतरांनी लिहिलं तरी चालेल’, ‘मी वाचतोय तोवर कुणी लिहू नका’, अशा पायऱ्या चढत ‘कुणीच काही करू नका’ पर्यंत. सगळ्यात खालचा प्रकार मला फार आवडतो, त्याचं नाव ‘नल’. म्हणजे मला आत्ता काही नकोय, पण माझं नाव यादीत राहू द्या.

मग झेरॉक्सचं काय? तर प्रत्येक कुलपासोबत १६ बाइटची एक छोटी चिठ्ठी ठेवता यायची. त्यात चार्टचा आवृत्ती-क्रमांक लिहायचा. कुलूप हातात आलं की चिठ्ठी बघायची. क्रमांक आपल्या रॅममधल्या प्रतीशी जुळला तर डिस्ककडे जायचीही गरज नाही, आपली झेरॉक्स ताजी आहे. नाही जुळला तर फेकून द्या, परत वाचा. शिवाय कुलूप ज्याच्याकडे आहे त्याला निरोप यायचा की तुझ्यासाठी कुणीतरी थांबलंय. म्हणजे कुणी मागेपर्यंत कुलूप खुशाल जवळ ठेवता यायचं. किती समजूतदार रचना आहे बघा.

पण समजूतदारपणा चालतो सगळे जिवंत असेपर्यंत. कुलूप घेऊन एखादं यंत्र गप्प झालं तर?

डेकने इथे मतदान आणलं. प्रत्येक यंत्राला मत, आणि बहुमत असलेला गटच डिस्कला हात लावणार. तीन यंत्रं असतील तर दोन हवीत. नेटवर्क तुटून दोन तुकडे झाले, तर दोघांकडेही बहुमत असूच शकत नाही. ज्याच्याकडे नाही तो जागच्या जागी थिजतो. दोनच यंत्रं असली तर पंचाईत, एक गेलं की उरलेल्याकडे अर्धीच मतं. म्हणून तिसरं मत एका डिस्कला द्यायची सोय केली. निर्जीव डिस्कला मताधिकार!

आणि एक गोष्ट. संपर्क तुटला की व्हीएमएस काही काळ वाट बघायचं, सहसा २० सेकंद. तेवढ्यात आवाज आला नाही तर उरलेले मिळून त्या यंत्राला क्लस्टरबाहेर काढायचे. नंतर ते यंत्र जागं होऊन परत आलं, तर? त्याला कळायचं की आपण बाहेर काढले गेलोय, आणि ते स्वतःला मुद्दाम क्रॅश करायचं. त्या क्रॅशला नावही होतं, ‘क्लूएक्झिट’. काकांना हा शब्द पंचवीस वर्षांनीही पाठ होता. नाइट शिफ्टला कन्सोलवर पहिल्यांदा तो दिसला तेव्हा मशीन बिघडलं असं समजून त्यांनी साहेबांना झोपेतून उठवलं होतं. साहेब म्हणाले, “बिघडलं नाहीये, शहाणं आहे.”

आता योगायोग बघा. ज्या १९८३ मध्ये व्हॅक्सक्लस्टर जाहीर झालं, त्याच वर्षी मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन यांनी एका परिषदेत एक सिद्धांत मांडला. १९८५ मध्ये तो जर्नलमध्ये सविस्तर छापून आला. निरोप पोचायला किती वेळ लागेल याची कसलीच हमी नसेल, तर एक यंत्र जरी मरायची शक्यता असली तरी बाकीच्यांचं खात्रीने एकमत होईल अशी रीत बनवताच येत नाही, हे त्यांनी गणिताने सिद्ध केलं. मुळाशी अडचण हीच: पलीकडचा गप्प आहे, पण तो मेलाय की नुसता हळू आहे, हे अलीकडून सांगता येत नाही. व्हॉट्सॅपवर एकच टिक दिसत असते तेव्हा आपलीही हीच अवस्था असते. फोन बंद आहे, रेंज नाही, की आपल्याला ब्लॉक केलंय?

म्हणजे डेकचे इंजिनियर २० सेकंद धरायचे तो अंदाजच होता. पण अंदाज चुकला तर काय करायचं, हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. मी ठरवलं नव्हतं.

मधल्या काळात सन मायक्रोसिस्टम्सची एनएफएस आली, १९८५ च्या आसपास. तिथे डिस्क एकाच सर्व्हरची, बाकीचे नेटवर्कवरून त्याच्याकडे फाइल मागणार. झेरॉक्सचं भांडण मिटलं, कारण खिडकी एकच. पण ती खिडकी बंद पडली की सगळे खोळंबले. एनएफएस आजही ऑफिसाऑफिसात आहे, आणि ती अडकली की लोक काय बोलतात ते या पॉडकास्टवर सांगता येणार नाही.

१९९० च्या दशकाच्या मध्यावर मिनेसोटा विद्यापीठात मॅथ्यू ओ’कीफ आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना मोठमोठ्या वैज्ञानिक सिम्युलेशनचा डेटा साठवायचा होता. फायबर चॅनेल नवीन आलं होतं, म्हणजे डिस्क थेट अनेक यंत्रांना जोडता येत होत्या. त्यांनी ग्लोबल फाइल सिस्टम लिहिली, आधी सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांवर, मग लिनक्सवर. त्यांची सुरुवातीची कल्पना धाडसी होती: कुलूप डिस्कच्याच आत ठेवायचं. मुक्या डिस्कला थोडी अक्कल द्यायची. पण त्यासाठी डिस्क बनवणाऱ्यांनी एक नवीन कमांड सगळीकडे द्यायला हवी होती, आणि तसं झालं नाही. मग कुलपं परत नेटवर्कवरच्या सॉफ्टवेअरकडे आली.

या मंडळींनी सिस्टिना नावाची कंपनी काढली. लिनक्सवरचा एलव्हीएम हा व्हॉल्यूम मॅनेजर लिहिणारे हाइन्झ माउएल्सहागेन हेही तिथेच होते. एलव्हीएम म्हणजे अनेक डिस्कचे तुकडे जोडून एक व्हॉल्यूम करणारा थर, फाइलसिस्टमच्या खालचा. त्या थरालाही तोच आजार होता. कुठला तुकडा कुठल्या व्हॉल्यूमचा याची यादी असते, आणि दोन सर्व्हरनी एकाच वेळी व्हॉल्यूम वाढवला की दोघं तोच रिकामा तुकडा उचलणार. म्हणून क्लस्टरमध्ये त्या यादीलाही कुलूप लागलं. नवशिके इथे हमखास फसतात. त्यांना वाटतं क्लस्टरवाला एलव्हीएम घेतला की वरची एक्सएफएस पण आपोआप सुरक्षित. नाही हो! खालच्या थराचं कुलूप व्हॉल्यूमच्या यादीचं, आतल्या फाइलींचं नाही. (या क्षेत्रातल्या वेरिटासचं मोठं डेव्हलपमेंट सेंटर पुण्यातच होतं. पुण्याच्या आयटीत चाळिशी-पन्नाशीतलं कुणी भेटलं तर विचारून बघा, तिथे काम केलेलं कुणी ना कुणी त्यांच्या ओळखीत निघेल.)

सिस्टिनाने २००१ मध्ये जीएफएसचं लायसन्स बंद केलं, लोक चिडले, जुन्या कोडवरून ओपनजीएफएस नावाची वेगळी चूल मांडली गेली. २००३ च्या डिसेंबरात रेड हॅटने सिस्टिना विकत घेतली आणि पुढच्या वर्षी कोड परत खुला केला. २००६ मध्ये ओरॅकलची ओसीएफएस२ आणि रेड हॅटची जीएफएस२ या दोन्ही लिनक्स कर्नलमध्ये आल्या. जीएफएस२ सोबत कर्नलमध्ये एक लॉक मॅनेजरही आला. त्याची हेडर फाइल उघडून बघा, त्यातले कुलपांचे प्रकार सहा. एनएल, सीआर, सीडब्ल्यू, पीआर, पीडब्ल्यू, ईएक्स. व्हीएमएसचेच, त्याच नावांनी. डेक कंपनी १९९८ मध्येच कॉम्पॅकने गिळली होती, पण तिची कुलपं आजही तुमच्या लिनक्सच्या कोडमध्ये बसलेली आहेत.

आणि आता माझ्या पापाकडे, म्हणजे फेन्सिंगकडे. कुंपण घालणं. पलीकडचा मेलाय की अडकलाय हे कळू शकत नसेल, तर विचारत बसू नका. त्याला मारा, म्हणजे प्रश्नच मिटला. लिनक्सच्या क्लस्टरवाल्यांनी याला दिलेलं नाव स्टॉनिथ, आणि इंग्रजीत त्याचं पूर्ण रूप काढलं तर अर्थ होतो ‘त्या दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाल’. प्रत्यक्षात गोळी म्हणजे वीज. सर्व्हरच्या मदरबोर्डवर एक छोटा वेगळा कंट्रोलर असतो, तो मुख्य सिस्टम अडकली तरी आदेश घेतो. किंवा नेटवर्कवरून बंद करता येणारी पॉवर स्ट्रिप असते. डिस्क घेण्याआधी दुसऱ्याने पहिल्याचा करंट तोडायचा, ‘तोडला’ अशी पक्की खबर आली की मगच माउंट करायचं. दुसरी रीत म्हणजे स्टोरेजलाच सांगायचं, याचं इथून पुढे लिहिणं घेऊ नकोस. तेव्हा जिवंत असला तरी त्याचा हात पोचत नाही.

खबर आली नाही तर? तर माउंट करायचंच नाही. सेवा बंद राहू दे, फोन वाजू देत. हे पचायला कठीण आहे, कारण आपण क्लस्टर बांधतोच सेवा बंद पडू नये म्हणून. रेड हॅट तर फेन्सिंगशिवायच्या क्लस्टरला सपोर्टच देत नाही. टेस्टिंगमध्ये माझे सर्व्हर रीस्टार्ट होत होते ते यामुळेच. एकमेकांचा आवाज हरवत होता आणि ते नियमाप्रमाणे एकमेकांना मारत होते. नेटवर्कमध्ये खोट होती, ती शोधायची सोडून मी ओरडणाऱ्याचं तोंड बांधलं.

कुणी म्हणेल, हे सगळं जुनं, आता क्लाउड आहे. गूगलने २००३ मध्ये आपल्या फाइलसिस्टमचा पेपर छापला (तिलाही जीएफएसच म्हणतात, नुसता गोंधळ). तिथे सामायिक डिस्क नाहीच. ६४ मेगाबाइटचे तुकडे, प्रत्येकाच्या सहसा तीन प्रती, वेगवेगळ्या साध्या यंत्रांवर. पण एका तुकड्यावर लिहिताना क्रम कोण ठरवणार? ज्याच्याकडे भाडेकरार आहे तो. करार मुळात ६० सेकंदांचा, संपला की अधिकार संपला. शिवाय नवा करार देताना तुकड्याचा आवृत्ती-क्रमांक वाढवायचा, म्हणजे मधल्या काळात झोपलेल्याची जुनी प्रत ओळखू येते. ती १६ बाइटची चिठ्ठी आठवली?

आणि कुबरनेटीस. आत्ता जे कॉलेजमधून बाहेर पडतायत त्यांना पहिल्याच महिन्यात हे भेटणार. एक नोड गप्प झाला, त्यावरचा पॉड दुसऱ्या नोडवर हलवायचाय, पण त्याचा व्हॉल्यूम जुन्या नोडला अडकलेला. स्क्रीनवर येतं ‘मल्टी-अटॅच एरर’. लोक वैतागतात, शिव्या घालतात. कुबरनेटीसचा दोष इतकाच की त्यालाही माहीत नाही, जुना नोड मेलाय की नुसता अडकलाय. २०२३ मध्ये आवृत्ती १.२८ बरोबर एक सोय पक्की झाली: नोडवर ‘आउट ऑफ सर्व्हिस’ अशी खूण लावली की व्हॉल्यूम लगेच सोडवून दुसरीकडे जोडला जातो. खूण लावायची माणसाने, आणि सूचनेत स्पष्ट लिहिलंय, नोड खरंच बंद आहे याची आधी खात्री करा.

मागच्या महिन्यात माझी ऑन-कॉल ड्युटी होती. पहाटे पावणेचारला फोन. एक नोड गेला, डेटाबेस उठत नाहीये, नवीन आलेली मुलगी कॉलवर होती, घाबरलेली. म्हणाली, “दादा, खूण लावू का? कमांड टाइप करून ठेवलीये.” मी म्हटलं, थांब, आधी त्या मशीनचा कन्सोल उघड. उघडला तर मशीन चालू! मेमरी भरून गुदमरलं होतं, पण मधूनच डिस्कवर लिहीत होतं. आधी त्याची पॉवर ऑफ केली, स्टेटस ‘बंद’ दाखवेपर्यंत दोघं फोनवर गप्प बसून राहिलो. चाळीस सेकंद लागले. मग म्हटलं, “आता लाव.”

ती म्हणाली, “तुम्हाला कसं कळलं ते जिवंत असेल?”

मला कळलं नव्हतं. मी तिला त्या अकरा तासांच्या पोच सांगितल्या.